कुमुदाची माती

हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बायका बसल्या होत्या. एकीचा नवरा, म्हणजे दुसरीचा भाऊ, आत गेला होता.

"दादाचा हात आता बरा दिसतोय, वहिनी."

"बरा म्हणजे! कात्री धरतात आता."

"आणि तो दाबायचा चेंडू?"

"तो पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर भिरकावला. मी काय तान्हं बाळ आहे का, म्हणाले. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस. उजवा हात लुळा पडला, तसे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे."

"मग?"

"लेकीने तळ्यातल्या कुमुदाचा कंद आणून दिला. टबात लावायचा, तर चिकणमाती नीट मळावी लागते. मी मळायला बसले, तर हे पलंगावरून ओरडतात, अगं, गुठळ्या राहिल्यात! मी म्हटलं, माझी कंबर मोडलीय, तुम्हीच या."

"आला?"

"रागारागाने आले. आधी डाव्या हाताने मळली, मग दोन्ही हातांनी. आता पिवळी पानं स्वतः कापतात. परवा पहिलं फूल उमललं, तर मला झोपेतून उठवून दाखवलं."

"पण तुमच्या कंबरेचं काय?"

"हळू बोल गं. ठणठणीत आहे."

तेवढ्यात दार उघडून तिचा नवरा बाहेर आला. त्याने उजवा हात बायकोपुढे धरला.

"ऊठ. घट्ट धर. कंबर सांभाळ."

"आई गं," म्हणत ती सावकाश उठली.