नव्व्याण्णव टक्के चालू

...बंद म्हणजे किती बंद असावं हो एखाद्या गोष्टीनं! सकाळी बघावं तर बंद, जेवून येऊन बघावं तर बंद, आणि कानिफला विचारायला जावं तर तो शांतपणे म्हणणार, "साहेब, आपली सर्व्हिस नव्व्याण्णव टक्के चालू हाय." अरे बाबा, मग उरलेल्या एका टक्क्यात मी एकटाच कसा सापडतो तुला?

तुम्हाला सांगतो, माझं नागापूरला एमआयडीसीत वर्कशॉप. उसाच्या रसाचे चरक बनवतो. शेजारच्या गाळ्यात हा कानिफनाथ आला, शेवगावचा, कॉम्प्युटरचं शिकलेला. म्हणाला, तुमची वेबसाईट करतो, माझ्या सर्व्हरवर ठेवतो, जगात कुठूनही दिसेल. नव्व्याण्णव साल, जो तो इंटरनेट इंटरनेट करतोय, म्हटलं आपण का मागं राहायचं? सर्व्हर म्हणजे काय, तर एक पांढरा डबा आणि त्याच्यावर रोखलेला टेबलफॅन. आणि गंमत बघा, माझ्याकडं वेल्डिंग सुरू झालं की व्होल्टेज पडायचं आणि भिंतीपलीकडं त्याचा डबा मान टाकायचा. म्हणजे चरक बनवायचा तर वेबसाईट बंद, वेबसाईट दाखवायची तर चरक बंद. आता दाखवू काय, माझं कपाळ?

आणि खरंच कपाळच दाखवलं हो! वेबसाईटवर फोटो, चरकाशेजारी मी. पण तो फोटो यायचा वरून खाली, मुंगीच्या पावलानं. आधी टोपी... मग कपाळ... मग आमची बायको दमयंती म्हणायची, "आता भुवया येतील हं," आणि लाईन तुटायची. चरक तर पार खाली, त्याच्यापर्यंत जगातलं कोणी पोचलंच नाही. कानिफला सांगितलं, तर म्हणाला, "पण टोपी लई क्लिअर आलीय, साहेब."

अशात मॉरिशसहून फॅक्स आला. कोणी भिकाजी म्हणून, मूळचे आपल्याकडलेच, तिकडं हॉटेलं आहेत त्यांची. प्रत्येक हॉटेलात चरक बसवायचाय, सोमवारी तुमची वेबसाईट बघतो, पसंत पडली तर ऑर्डर. मॉरिशस! तुम्हाला सांगतो, माझा चरक आजवर राहुरीच्या पलीकडं गेला नव्हता. दमयंतीनं तर माहेरी कळवूनसुद्धा टाकलं. मी कानिफचे हात धरले, म्हटलं, लेका, सोमवारी एवढा डबा सांभाळ, मी वेल्डिंगची काडीसुद्धा पेटवत नाही. म्हणाला, "निवांत ऱ्हावा. नव्व्याण्णव टक्के."

सोमवारी दुपारी फॅक्स. साईट उघडत नाही. टोपीसुद्धा नाही! तसाच धावलो शेजारी, बघतो तर काय... सर्व्हरला झेंडूचा हार. हळदकुंकू वाहिलेलं, पुढ्यात नारळ फोडलेला, टेबलफॅनलासुद्धा गंध, आणि बटण बंद! म्हटलं, हे काय केलंस? तर हातावर पेढा ठेवून म्हणतो, "खंडेनवमी हाय न्हवं. आज मशिनीला हात लावत न्हाईत."

मी तापलो. अरे, जग बघतंय ना त्या डब्यातून, त्याला कसली खंडेनवमी? तो नुसता उठून माझ्या गाळ्यात आला आणि उभा राहिला. माझं लेथ, हार घातलेलं. माझं ड्रिल, हार घातलेलं. सगळं बंद, आणि मी स्वतः नवं धोतर नेसून. "तुमचं का बंद हाय?" म्हणाला. सकाळी पूजा मीच केलेली हो, आणि सर्व्हर हे मशीन आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मला आपलं वाटायचं, वेबसाईट हवेत असते!

शेवटी माझ्याच फॅक्सवरून त्यानं कळवलं. त्याचा फोन सर्व्हरला जुंपलेला, कायम एंगेज, म्हणून नंबरही माझाच दिला. लिहिलं की आज आमच्या मशिनीचा सण आहे, तिला हार घातलाय, ती उद्या कामावर येईल. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, गेलं मॉरिशस.

तर दुसऱ्या दिवशी उत्तर. भिकाजींना गहिवरून आलेलं! त्यांचे आजोबा तिकडं साखर कारखान्यात असंच मशीन बंद करून हार घालायचे म्हणे. असा माणूस आजकाल मिळत नाही, माझी वेबसाईट याच्याच सर्व्हरवर ठेवणार. कोणाच्या? कानिफच्या! आणि चरक? चरकाचं पुढं बघू, आधी तुमचा फोटो पूर्ण येऊ द्या.

वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू. दमयंती अजून माहेरी फोन करत नाही.

आणि आता रोज मॉरिशसचा फॅक्स येतो. कोणाकडं? माझ्याकडं! हॉटेलची साईट उघडत नाही, काय भानगड आहे? मग मी हातातलं वेल्डिंग खाली ठेवतो, चष्मा पुसतो, आणि सुवाच्य अक्षरात लिहून पाठवतो, "नव्व्याण्णव टक्के चालू आहे."