दोन पिशव्यांचं झाड

—नाही नाही मॅडम, माती तपासायचा तो लोखंडी गज राहू द्या मातीत, आधी इथे सावलीत बसा — सावली म्हणजे उरलीय तेवढी — मग खुशाल लिहा काय लिहायचं ते. तोडायचं म्हणता? अहो, पानांनी माना टाकल्यात त्या तहानेने. तुम्ही झाडखात्यातल्या, शिकलेल्या, मान्य — पण या झाडासमोर माझा जन्म गेलाय. बरोबर दोन दुकानांच्या मध्ये उभं आहे. हे माझं, पाइप आणि बादल्यांचं. ते माझ्या थोरल्या भावाचं, नळांचं. हसा, सगळेच हसतात. वडिलांचं दुकान एकच होतं, वाटणीला बसलो तेव्हा दोघांनाही वाटलं आपणच शहाणे. आता पाइप नेलेलं गिऱ्हाईक नळ आणायला त्याच्याकडे जातं, परत येऊन मला सांगतं की नळ बसत नाही, मी म्हणतो पाइपात खोट नाही, सांगा त्यांना. असे हेलपाटे. आमच्यात बोलणं म्हणाल तर तेवढंच — गिऱ्हाइकाच्या तोंडून. बाकी अबोला.

तर झाड. झाड पाणी किती पितं हे मी स्वतः शोधून काढलं, कोणी शिकवलं नाही. काय करायचं? पानांसकट फांदीला दुकानातली पारदर्शक पिशवी घट्ट बांधायची. आळ्यात पाणी घातलं की ऊन चढेपर्यंत पिशवीच्या तळाशी पाणी साचतं — मुळांनी ओढलेलं, पानांनी सोडलेलं. माती सुकत गेली की पिशवीत नुसतं धुकं. म्हणजे झाडही आपल्यासारखं व्यापारी — माल भरपूर तर दार सताड उघडं, माल आटला की शटर अर्धं खाली. पानांना बारीक भोकं असतात ना, ती मिटून घेतं. आमच्या हिला कौतुकाने दाखवायला गेलो, तर म्हणते, झाडाला निदान घाम तरी येतो, तुम्ही बसल्या जागचे हलत नाही. जाऊ दे. आठ दिवसांत दादाच्या बाजूच्या फांदीला पिशवी — माझ्यापेक्षा मोठी. माणसाशी बोलायचं नाही, पण त्याची नक्कल चालते.

यंदा दोन्ही पिशव्या कोरड्या. मी ताडलं, माती तहानलीय. रोज सकाळी दादा यायच्या आत पाइप लावून आळं तुडुंब भरायचो. तरी पिशवी कोरडी — मग अजून पाणी. पाण्याला कंजुषी केली नाही मी... काय? काढा बघू गज. हा चिखल? आणि वास कसला — कुजका. थांबा, मला समजू द्या. माती चिंब असूनही झाड पीत नाही? असं, असं. मुळांनाही हवा लागते, सगळी जागा पाण्याने अडवली की ती गुदमरतात, मग ओढणार कोण — आणि वर पानं मात्र तहानेनेच मान टाकतात. हात्तिच्या. म्हणजे पोटात काही नाही म्हणून गप्प बसलेला आणि अजीर्ण होऊन गप्प बसलेला, दोघे सारखेच दिसतात, आणि मी अजीर्णाला पंगतीत बसवून आग्रह करतोय.

पण एकट्याच्या पाण्याने इतका चिखल? नाही, दादाही घालतो. मी जेवायला आत गेलो की. बघत नाही हो मी — दिसतं, फळीच्या फटीतून. गुडघा धरलाय त्याचा, वाकडा वाकडा चालतो. बादली माझ्याच दुकानातली, गिऱ्हाईक पाठवून मागवली. त्याला वाटतं मला कळलं नाही. मी मुद्दाम हलकी काढून दिली. तरी वाटायचं, या चालीने अर्धी वाटेतच सांडत असेल, म्हणून त्याच्या वाटचंही मीच घालत गेलो. अहो, वाटणीत सगळं वाटलं, हे तेवढं वाटता आलं नाही. हे गेलं तर आमच्यामध्ये उरेल काय — भिंत.

पाणी बंद, माती वाळू द्यायची, पुढच्या फेरीला पिशवी ओली दिसली तर झाड राहील, नाहीतर करवत. कबूल. माझ्याकडून आजपासून थेंब नाही. त्याला तेवढं जाता जाता तुम्ही सांगा. का नाही? तुमचं काम झाडांचं, भावांचं नाही — हे बरं आहे. मग गिऱ्हाईक आलं की निरोप धाडतो, घाई कसली... ते बघा, निघाला. मी जेवायला गेलो असं धरून चाललाय. काठोकाठ आणलीय हो. आणि आता नेमकं एक गिऱ्हाईक नाही. तुम्हाला एखादा नळ हवाय का, मॅडम? स्वस्त आहेत त्याच्याकडे. नको?

दादा. अरे दादा, ओतू नकोस. खाली सगळा चिखल झालाय, झाड बुडतंय. मी घालतो ना सकाळी. हो, रोज. काय? पाठीमुळे मला वाकवत नाही, म्हणून माझ्या वाटचं तू घालत होतास?

मॅडम, तुम्ही निघा आता. गज घेऊन जा तुमचा. आम्हाला जरा बोलायचंय.