टर्बो गार होईपर्यंत

टर्बोची गाडी घेऊन पहिला खर्च ब्रेकवर कोण करतं रे? मी अक्काला विचारलं, मेकॅनिकलाही विचारलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बंगळुरात रोज येलहंक्याहून एचएसआरला ऑफिसला त्याच गाडीनं जायची.

मी म्हणायचो, "मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लाव, इंजिन ट्यून कर!" तिनं चांगले टायर आणि ब्रेक पॅड घातले.

वर एक नियम. घरी पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. एकदा मी गाडी दामटत आणली आणि फटकन किल्ली फिरवली. तिनं पुन्हा चालू केली.

"टर्बो तापलाय. स्वल्प दम खाऊ दे त्याला."

"तो काय माणूस आहे?"

"तुझ्यापेक्षा बरा. सांगितलेलं ऐकतो."

अक्का गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात हॉस्पिटलवाले म्हणाले, आता घरी न्या. मीच आणलं तिला, तिच्याच गाडीतून. हेब्बाळला एक ऑटो आडवी आली. मी ब्रेक दाबला, गाडी अलगद थांबली. शेजारी अक्काची झोपसुद्धा मोडली नाही.

घरी आई दारातच उभी होती. "बंद कर की गाडी. आत घेऊ तिला."

"थांब आई. टर्बो गार होऊ दे."

खरं तर इतकी हळू आणली होती, की टर्बो तापलाच नव्हता. तरी मी इंजिन चालू ठेवलं आणि अक्काला झोपू दिलं.