प्राचार्यांच्या बंगल्याची भिंत

हॅलो?… हो, मीच. बोल छोटे… कुणी सांगितलं फोन करायला, तुझ्या नवऱ्यानं? मग त्यालाच दे ना… लाज वाटते त्याला? वाटू दे की. प्राचार्य झाल्यापासून सवय मोडली असेल.

हं… हं… मिळाला ना अर्ज. आमच्या जतन समितीच्या टेबलावर सगळ्यात वर होता. बंगल्याच्या तळमजल्यावर कोठीची भिंत फोडून बाथरूम करायचंय. वाचला, आणि 'नाही' म्हणून कळवलं… का म्हणजे? वारसा यादीतली इमारत आहे ती. खिळा ठोकायचा तरी माझी सही लागते.

हो, हो… अगं ऐक ना… मी कुठे अडकवलं? फाटकावर 'ऐतिहासिक प्राचार्य निवास' अशी संगमरवरी पाटी कुणाला हवी होती? मी फक्त म्हटलं, साहेब, बंगला यादीत घाला, पाटी आपोआप मिळेल. नियम न वाचता हो म्हणून मोकळा झाला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

…हो, मुद्दाम. मुद्दामच केलं. तुला काय वाटलं, मी विसरेन? बाबांचं वाचनगृह पाडलं त्यानं. कॉलेजला सुट्टी, मी परगावी, ही वेळ साधून. परत येऊन बघते तर पार्किंग. ती गोल खिडकी, बाबांचं उंच टेबल, मागची झाडांची रांग, सगळं सपाट. जन्मभर ग्रंथपाल होते गं ते तिथे. तुझेही बाबाच ना?… किती विनवलं होतं मी त्याला. म्हणाला, "भावनेवर कॉलेज चालत नाही, ताई." मग आता बंगला नियमावर चालू दे.

रडू नकोस. वरच्या मजल्यावर आहे की बाथरूम… कुणासाठी?… आईसाठी?… अर्जात तसं कुठे लिहिलंय?… तिनंच लिहू दिलं नाही? का?… खुब्याचं ऑपरेशन माहितीये मला, दवाखान्यात मीच होते उशाशी. पण नंतर ती तुमच्याकडे राहिली, आणि त्या फाटकात पाऊल नाही टाकलं मी, मला काय कळणार… जिना कसा चढते? बसून?… एकेक पायरी?… आणि हे आत्ता सांगतेस?

माझ्याकडे पाठव तिला. आजच… येत नाही म्हणते? दे तिला फोन. दे म्हणते ना.

आई?… अगं, मला का नाही बोललीस?… त्याच्यावर चिडलेय मी, तुझ्यावर नाही… काय?… थांब, परत सांग. पाडायच्या आधी तो तुला विचारायला आला होता?… आणि तू 'पाडा' म्हणालीस?

आई, बाबांची जागा होती ती… हो, उशिरा यायचे, माहितीये… सुट्टीच्या दिवशीही जायचे, हो… मी जायचे त्यांच्याबरोबर. मला आवडायचं तिथे… तू? तू घरी असायचीस. छोटीला घेऊन… नाही. "तूही चल" असं कुणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही… त्या खोलीनं तुझा संसार खाल्ला?… असं म्हणालीस त्याला?… आणि पाडताना जाऊन उभी राहिलीस? भिंत पडेपर्यंत?… बरं वाटलं… बरं वाटलं तुला.

…आहे. आहे मी. ऐकतेय.

बरं, ते राहू दे. सही करते मी, आत्ता करते. उद्या चांगला गवंडी पाठवते, बाकीची भिंत न हलवता दार काढून देईल… नको म्हणजे?… अगं, माझी सही नको म्हणजे काय? चढशील म्हणे. पडलीस तर?… मिंधेपणा कसला त्यात? लेक आहे ना मी तुझी?… बाबांची लेक, हो, पण तुझीही… असं नको गं बोलूस. परवानगी दिली ना मी. घे ना ती… आई, मी हात जोडते तुला, फोन ठेवू नकोस. आई?

हॅलो?… हॅलो?