मशीनची ओटी

अठ्ठावन्न साली चिमूरच्या स्टँडवर वरोऱ्याच्या मोटारीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर मुंबईहून रजेवर आलेला निळकंठ आणि त्याची मोठी बहीण भागीरथा.

“बाई, शेवटी माह्यंच खरं झालं!”

“काय खरं झालं? नीट सांग.”

“आमी हिशेब करनारं मशीन बांधून राह्यलो. तू कापूस येचते, तं एकेक बोंड घेऊन वावराच्या कडेले धुऱ्यावर ढिगापाशी जाते का?”

“येडा हायेस का? कमरेच्या ओटीत टाकते. ओटी भरली का मंग धुऱ्यावर.”

“मशीन एकेक आकडा ठेवाले दूरच्या कोठीत पळे, तोच त्याचा धुरा! मी म्हटलं, त्याले ओट्या द्या. साहेब म्हणे, एकच पुरे.”

“एकीनं कसं भागन? दहा मागाच्या!”

“दहा बांधून तुले वाकता येईन? एकेका ओटीले रेडिओत असते तसे ढीगभर काचेचे दिवे लागते, मशीन तापते. अन् कोन्त्या ओटीत टाकू, हे हरेक हुकमात सांगा लागते. हुकूम लांबते.”

“मंग?”

“मी चारवर अडून बसलो. शेवटी चार बसवल्या, मांगच्या महिन्यात चालवून पाह्यलं. साहेबाचा चहा संपाच्या आंधी उत्तर!”

“आवो माय!”

“आता साहेबच वरडते, ‘ओटीत घे!’”

“इंग्रजीत नाई?”

“नाई. ओटीच.”

“सूटबूटवाले मानसं मशीनची ओटी भरून राह्यले?”

“हो ना.”

“कुकू लावलं का रे तिले?”

“साहेबानं सोता लावलं.”

भागीरथाबाई उठून सगळ्या रांगेकडे वळल्या.

“आयका वो! माह्या भावानं मुंबईच्या सायबाले ओटी भराले लावली!”