मागं बघायचं न्हाई!

हसा, हसा मंडळी! तुमच्या मागं लागली असती म्हंजी कळलं असतं! अवो, चालत्या बैलगाडीला चिकटून एवढी थोरली लोखंडाची मोटार, अन् प्याँऽऽप! प्याँऽऽप!... काळीज तोंडात आलं माझं, अजून खाली गेलं न्हाई!

तुमाला सांगतो, पहाटंच सेलूहून निघालो. गाडीत कोण? माझी लेक मनकर्णा. पहिलटकरीण, दिवस भरलेले, बाळंतपणाला आणायलो होतो. अन् माझ्या बायकूनं, कडूबाईनं, काल जातानाच बजावलेलं, "अवो, पोटुशी लेक आणताना गाडी हाकणारानं मागं वळून बघायचं न्हाई. दारात भाकरतुकडा ओवाळूस्तर न्हाई!" तिच्या आज्जीपासून चालत आलेलं हाय म्हणं. मी म्हनलं, बरं. मला काय ठावं मागून काय येणार हाय!

झरी दोन कोसावर राहिली, अन् मागून प्याँऽऽप! बैलं बिथरले. लेक ओरडली, "आबा, मोटार! लय जवळ हाय, आबा!" "कुणाची गं?" "धुरळ्यात दिसंना!" आता कुणाची असणार? निजामाच्या राज्यात मोटारीतून फिरतो तो साहेब, न्हाई तर पोलिसाचा अमीन! वाट न्हाई दिली की चाबूक आपल्याच पाठीवर. द्यावी, तर चाकं चाकोरीत बसलेली. बाहेर काढावी तर धाडकन हिसका, अन् लेकीला तिथंच काही झालं म्हंजी? थांबावं तर मोटार अंगावर! मागं बघावं तर... मागं बघायचं न्हाई! सांगा, मानसानं करावं काय? खंडोबा, मारुती, पीरसाहेब, सगळ्यांला हाका मारल्या. एका हातात कासरा, दुसरा हात तसाच मागं नेऊन लेकीचा पाय धरलेला. अन् प्याँऽऽप!

म्हनलं, फाट्यावर चाकोरीच झरीला वळती, आपण वळावं, बला जाईल सडकंनं सरळ. वळलो... तर तीबी वळली! गावात शिरलो, तीबी शिरली! दारात थांबलो, तीबी थांबली! कडूबाई भाकरतुकडा घेऊन आली, लेकीवरून ओवाळला, अन् घाबरून मोटारीवरूनबी ओवाळला!

आतून उतरला कोण? वाळल्या अंगाचा एक डायवर, धुरळ्यानं पांढराफट, माझ्याहून जास्त थरथरायलेला. "मियाँ, धूल में कुछ दिखताच नै था! तुम मुड़े, मैं भी मुड़ा! कबसे भोंगा बजारूं, परभणी का रस्ता पूछना था... एक बार पलट के तो देखते!"

पलट के! ऐका! तेवढंच तर करायचं न्हाई म्हनून मेलो ना मी!

देवाची कृपा, लेक सुखरूप आत निजलीय. पण त्याच्या मोटारीतलं तेल संपलं ते माझ्याच दारात. अन् कडूबाई म्हनती, "लेकीसंगं आलेला पाव्हणा हाय, परभणीला सोडून या." म्हनून मोटारीला ही दोरी. बैलं माझे, गाडी माझी... आता मागं बघायला मोकळा हाय मी, पण बघू काय? दोन कोस मागं लागलेली बला, आता मीच बांधून न्यायलोय. व्हा बाजूला... अन् ते बेणं आत बसून अजून वाजवायलंय बघा!