तुझ्याआधी मला मॅडमनी बघितलं

जमलेल्या सगळ्यांना जय भीम, सलाम, नमस्कार. मी रेखा. टेमघरला राहते, पडघ्याच्या गोदामात पॅकिंगला जाते. माइकसमोर कधी बोलले नाही. आधीचे डॉक्टर लोक बोलले, शमीम मॅडम किती मोठ्या होत्या ते सांगून गेले. मी वेगळंच सांगते. मला मॅडमचा हेवा वाटायचा. गेल्या आठवड्यात त्या हार्ट अटॅकनं गेल्या, तरी वाटतोच.

पाचव्या महिन्यात मी त्यांच्याकडे सोनोग्राफीला गेले. मॅडमचं तोंड कधी बंद नसायचं, तुम्हाला ठाऊकच आहे. काय खाल्लंस, शिफ्ट कधी सुटते, नवरा भांडी घासतो का! बोलता बोलता एकदम गप्प झाल्या. मी म्हटलं, "मॅडम, काय झालं?"

"थांब गं. बघू दे मला."

मग पडदा माझ्याकडे वळवला, बाळाच्या पाठीपुरताच. माकडहाडाला गाठ होती. म्हणाल्या, "बहुतेक वेळा अशी गाठ कॅन्सरची नसते. पण बाळाचं रक्त ओढते. लक्ष ठेवायला लागेल. आणि बाळंतपण इथे न्हाय, मुंबईला, मोठ्या हॉस्पिटलात."

सासूबाईंनी तेवढ्यातही विचारलंच, "मॅडम, पेढा का बर्फी?"

मॅडम भडकल्या. "मावशी, आधी बाळ जगवायचंय! पुन्हा हे विचारलंत तर बाहेर बसायचं."

मग दर पंधरवड्याला मी तिथे. त्या गाठ मोजायच्या, बाळाचं काळीज बघायच्या. मुलगी आहे हे त्यांना ठाऊक, मला नाही. लाथा मी खायच्या आणि ओळख त्यांची! सांगा, आईनं जळायला एवढं पुरे नाही?

सिझेरियन झालं, ऑपरेशन करून गाठ काढली. ती बघा, पहिल्या रांगेत बसलीय, माझी प्रज्ञा. आता सहावीत आहे. वाढदिवसाला केकचा पहिला तुकडा डब्यात भरून मॅडमकडे. आईला दुसरा! आमचं भांडण झालं की म्हणते, "तुझ्याआधी मला मॅडमनी बघितलं." झोंबतं हो.

एकदा मी मॅडमना विचारलंच, "पोरगी तुमची का माझी?" त्या हसल्या. "अगं, मला काळी-पांढरीच दिसली. हसताना पहिली तूच बघितलीस ना?"

मला काही ते पटलं नाही.

आठवडा झाला, पोरगी धड जेवली नाही. मी गेल्यावर एवढी रडशील का गं तू? रडू नको, इकडे ये. माझ्याजवळ उभी राहा.

आता सगळ्यांनी उभं राहू या. त्या दिवशी मॅडम जशा गप्प झाल्या, तेवढा वेळ गप्प राहू या. तेव्हा मी घाबरले होते. त्या माझ्या लेकीला बघत होत्या.

मॅडम, तुम्ही तिला आधी बघितलंत. म्हणून मला बघायला मिळाली.